नोंद झाली की झाली

आमचं भांड्यांचं दुकान नाशिकच्या भांडी बाजारात होतं. 'होतं' म्हणतो, कारण आता त्या गाळ्यात मोबाइलची कव्हरं विकतात. तांब्या-पितळेचे हंडे, घंगाळी, कळश्या, नंतर नंतर स्टीलचे डबे. गिऱ्हाईक बहुतेक निफाड, दिंडोरी, सिन्नरकडचं. लग्नसराईत भांडी न्यायची, पैसे हप्त्यानं द्यायचे, असा पिढ्यान्‌पिढ्यांचा व्यवहार.

२००८ साली बाबांनी दुकानात कॉम्प्युटर आणला. आजोबांना, म्हणजे आप्पांना, ते फारसं आवडलं नव्हतं, पण त्यांनी वाद घातला नाही. गल्ल्याशेजारी बसून ते त्यांच्या लाल कापडी बांधणीच्या वहीत लिहीत राहिले. बाबा म्हणायचे, "आप्पा, कशाला डबल मेहनत?" आप्पा म्हणायचे, "हाताला सवय आहे."

२०१० च्या मे महिन्यातली एक संध्याकाळ. निफाडकडचे एक काका आले, मुलीच्या लग्नाच्या भांड्यांचे राहिलेले ११,००० रुपये रोख दिले. बाबांनी एंट्री केली. काकांनी पावती मागितली तेव्हा बाबा हसून म्हणाले, "आता पावती-बिवती लागत नाही काका. इथं नोंद झाली की झाली." पंधरा-वीस सेकंदांत वीज गेली. लोडशेडिंगचे दिवस होते, त्यात यूपीएसची बॅटरी कधीच मेली होती. वीज आली, कॉम्प्युटर सुरू झाला, डिस्क तपासतोय असं काहीतरी निळ्या पडद्यावर पळालं आणि सगळं नेहमीसारखं उघडलं. कुठलीही तक्रार नाही, लाल अक्षरं नाहीत.

दोन महिन्यांनी काका परत काही घ्यायला आले, तेव्हा बाबांनी त्यांना ११,००० ची आठवण केली. चारचौघांत. काका म्हणाले, दिले होते. बाबांनी मॉनिटर त्यांच्याकडे वळवला. आप्पा तेव्हा आत्याकडे धुळ्याला होते. काका थोडा वेळ पडद्याकडे बघत बसले आणि आठ दिवसांनी परत येऊन त्यांनी ११,००० रुपये पुन्हा दिले.

दिवाळीत आप्पा वहीचा आणि कॉम्प्युटरचा मेळ घालायला बसले तेव्हा ते सापडलं. मे महिन्याच्या पानावर, आप्पांच्या अक्षरात, ११,००० जमा. त्याच्या मागे-पुढे आणखी दोन छोट्या नोंदी, त्याही कॉम्प्युटरवर नव्हत्या. बाबा स्कूटर काढून निफाडला गेले. काकांनी पैसे घेतले, चहा पाजला, "चुकतं माणसाचं" म्हणाले. त्यांच्या धाकट्या मुलीच्या लग्नाची भांडी आमच्याकडून गेली नाहीत.

मी तेव्हा तेरा वर्षांचा होतो. पुढे कॉम्प्युटर इंजिनिअरिंग केलं आणि योगायोगानं स्टोरेज सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या कंपनीत लागलो. योगायोगानं म्हणतो, आईच्या मते मी बाबांची चूक शोधायला गेलो. चूक सापडली ती बाबांची नव्हती. ती फार जुनी होती, आणि तिच्या दुरुस्तीचा इतिहास मला वाटलं होतं त्यापेक्षा लांब निघाला. त्याचं एक टोक माझ्या गच्चीवरून दिसतं.

* * *

आधी चूक समजून घेऊ. तुम्ही 'सेव्ह' दाबता तेव्हा मजकूर डिस्कवर जातो असं तुम्हाला वाटतं. तो जातो रॅममध्ये. ऑपरेटिंग सिस्टीम म्हणते, ठीक आहे, बघते सवडीनं, आणि तुम्हाला 'झालं' सांगून मोकळी होते. जुन्या युनिक्समध्ये ही सवड ठरलेली होती, दर ३० सेकंदांनी. लिनक्समध्ये आजही बदललेला मजकूर साधारण तितका वेळ रॅममध्ये पडून राहू शकतो. रॅमची वीज गेली की त्यातलं सगळं पुसलं जातं. बाबांची एंट्री त्या सवडीत मेली.

अशी सवड का ठेवायची? कारण हार्ड डिस्क भयंकर हळू आहे. आपल्या घरातल्या डिस्कची चकती मिनिटाला ७,२०० फेरे घेते. ऐकायला जोरदार वाटतं, पण म्हणजे एका फेऱ्याला ८.३ मिलिसेकंद. हवी ती जागा डोक्याखाली यायला सरासरी अर्धा फेरा, शिवाय ते डोकं योग्य वर्तुळावर सरकायला आणखी काही मिलिसेकंद. धरून चाला, कुठेतरी एक छोटी नोंद करायला १० मिलिसेकंद. रॅमला तेच काम करायला सुमारे १०० नॅनोसेकंद लागतात. एक लाख पटींचा फरक. रॅममध्ये लिहायला एक सेकंद लागला असता, तर डिस्कवर लिहायला २८ तास लागले असते. गल्ल्यात पैसे टाकायला एक सेकंद आणि ते वहीत टिपायला सव्वा दिवस, असं दुकान कोण चालवेल? म्हणून सगळे खोटं बोलतात. 'झालं' म्हणतात आणि नंतर करतात.

फाइल सिस्टीमचा गेल्या पन्नास वर्षांचा इतिहास हा, माझ्या मते, हे खोटं कमी कमी करत नेण्याचा इतिहास आहे. पाठ्यपुस्तकात तो असा शिकवत नाहीत. तिथं आकृत्या असतात आणि परीक्षेला आठ मार्कांना आयनोडची रचना येते.

पहिली मोठी झेप १९८४ ची, बर्कलेच्या मॅक्युसिक, जॉय, लेफलर आणि फॅब्री या चौघांची. त्यांच्या लक्षात आलं की जुनी युनिक्स फाइल सिस्टीम डिस्कच्या क्षमतेच्या जेमतेम ३ ते ५ टक्केच वेग काढते, कारण एकाच फाइलचे तुकडे चकतीभर विखुरलेले असतात. त्यांनी नातेवाईक एकाच आळीत वसवले: फाइल, तिची माहिती आणि तिची डिरेक्टरी चकतीवर जवळजवळ. वेग ४७ टक्क्यांपर्यंत गेला. पण वीज गेली की मात्र संपूर्ण डिस्क तपासावी लागे, कुठला व्यवहार अर्धा राहिला ते शोधायला. आमच्या दुकानात पळालेला निळा पडदा त्याच जातीचा. आणि ही तपासणी फक्त एवढंच बघते की कपाटाचे कप्पे शाबूत आहेत का. कप्प्यातून ११,००० रुपयांची चिठ्ठी उडाली असेल तर तिला पत्ताच नसतो.

* * *

आप्पांच्या वहीकडे येतो. वही एक नव्हती, दोन होत्या. गल्ल्यापाशी असायची ती रोजकीर्द. जे घडेल ते घडेल त्या क्रमानं, एकाखाली एक. विषय कुठला, माणूस कुठला, याचा विचार करायचा नाही. फक्त शेवटच्या ओळीखाली पुढची ओळ. दुसरी खतावणी, फडताळात. त्यात प्रत्येक गिऱ्हाइकाचं स्वतंत्र पान. रात्री किंवा रविवारी आप्पा कीर्दीतली एकेक ओळ घेऊन ज्याच्या त्याच्या पानावर उतरवायचे. याला खतवणं म्हणतात.

का दोन वह्या? कारण गिऱ्हाईक समोर उभं असताना तीनशे पानांतून त्याचं पान शोधत बसता येत नाही. कीर्दीत लिहायला दोन सेकंद. शोधण्याचं, उलटण्याचं, बेरजेचं काम नंतर, निवांत, एकगठ्ठा.

संगणकवाल्यांनी हे १९७०-८० च्या दशकात पुन्हा शोधलं, आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर काहींनी कबूलही केलं. जिम ग्रे नावाच्या संशोधकानं १९८१ च्या निबंधात सरळ हिशेबनीसांचा दाखला दिला: मातीच्या विटा आणि कागद-शाईच्या काळापासून चांगला हिशेबनीस आधीची नोंद खोडत नाही, चूक झाली तर तिची भरपाई करणारी नवी नोंद करतो. जागच्या जागी खोडून लिहिण्याला त्यानं विषारी सफरचंदाची उपमा दिली होती. ग्रेला १९९८ चं ट्युरिंग पारितोषिक मिळालं. २००७ च्या जानेवारीत तो सॅन फ्रान्सिस्कोहून एकटाच शिडाची बोट घेऊन समुद्रात गेला आणि परत आला नाही. बोटही सापडली नाही.

डेटाबेसमध्ये रुळलेली ही कल्पना फाइल सिस्टीममध्ये १९९० च्या सुमारास आली. आयबीएमची जेएफएस १९९० ची, व्हेरिटासची व्हीएक्सएफएस १९९१ ची. या व्हेरिटासचं मोठं केंद्र पुढे पुण्यात झालं, आणि पुण्यातल्या निम्म्या स्टोरेज इंजिनिअरांचा वंशवृक्ष कुठूनतरी त्या ऑफिसपर्यंत जातो. माझा पहिला मॅनेजर तिथलाच. लिनक्सच्या एक्सटी-थ्री या फाइल सिस्टीममध्ये ही सोय २००१ च्या नोव्हेंबरात आली. या सगळ्यांना 'जर्नलिंग' म्हणतात. जर्नल म्हणजे कीर्द, मराठी कॉमर्सच्या पुस्तकात तसं छापलेलंच असतं. आम्ही मात्र इंजिनिअरिंगला होतो, त्यामुळे आम्हाला ते कुणी सांगितलं नाही.

एक बारकावा मला स्वतःला फार उशिरा कळला. कीर्दीत प्रत्येक ओळीपुढे एक अरुंद रकाना असतो, 'खा.पा.', म्हणजे खाते पान. ती ओळ खतावणीत उतरवून झाली की तिथं खतावणीच्या पानाचा आकडा टाकायचा. समजा आप्पा खतवत असताना दुकानात कुणी आलं आणि ते उठले. परत बसल्यावर कुठून सुरू करायचं? जिथं रकाना कोरा तिथून. पण समजा खतावणीत उतरवलं आणि आकडा टाकायच्या आधीच उठले, तर तीच रक्कम दोनदा उतरेल. म्हणून खतावणीतही समोर कीर्दीचं पान लिहिलेलं असतं. दोन्हीकडून खूण.

१९९२ मध्ये आयबीएमच्या सी. मोहन आणि सहकाऱ्यांनी 'एरीज' नावाची पद्धत मांडली. आजच्या बहुतेक मोठ्या डेटाबेसांच्या पोटात तिचा अंश आहे. मोहन आयआयटी मद्रासचे. त्या पद्धतीत डेटाच्या प्रत्येक पानावर, कीर्दीतली कितव्या क्रमांकाची नोंद इथवर उतरली आहे, तो आकडा कोरलेला असतो. वीज गेली, पुन्हा आली, सावरण्याचं काम अर्ध्यात असताना पुन्हा गेली, तरी तोच व्यवहार दोनदा होत नाही. तो निबंध वाचताना मी ज्या पानावर थांबलो, तिथं मला आप्पांचा खा.पा. दिसला.

* * *

मात्र जर्नलनं सगळं सुटत नाही. कीर्द आणि खतावणी दोन्ही एकाच चकतीवर असतील, तर कीर्दीत लिहायलाही चकती फिरायची वाट बघावी लागते. मग पुन्हा तीच सवड, पाच सेकंदांची का होईना. कीर्द अशा कशावर तरी हवी जे रॅमसारखं झटपट आहे आणि वीज गेल्यावर विसरत नाही.

गंमत म्हणजे अशी मेमरी आधी होती. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बांधलेला 'टिफ्रॅक' १९६० मध्ये सुरू झाला. त्याची मेमरी फेराइटच्या बारीक कड्यांची होती, प्रत्येक कडीत एक बिट, ४० बिटांचे २,०४८ शब्द. चुंबकत्वाला वीज लागत नाही, त्यामुळे यंत्र बंद केलं तरी कडीतला बिट राहतो. नंतर सिलिकॉनची मेमरी आली, स्वस्त, लहान, वेगवान, पण विसराळू. साऱ्या जगानं तो सौदा आनंदानं केला. तेव्हा कुणी चूक केली असं मी म्हणणार नाही, टिफ्रॅकची मेमरी आज तुमच्या एका इमोजीच्या चित्रालाही कदाचित पुरणार नाही.

मग लोकांनी विसराळू मेमरीला बॅटरी बांधली. १९९२ मध्ये बर्कलेच्या मेरी बेकर आणि सहकाऱ्यांनी मोजून दाखवलं की प्रत्येक फाइल सिस्टीममागे फक्त अर्धा मेगाबाइट अशी टिकाऊ मेमरी लिहिण्यासाठी मध्ये ठेवली, तर डिस्कवरच्या खेपा बहुतेक ठिकाणी सुमारे २० टक्क्यांनी आणि सतत व्यवहार चालणाऱ्या एका ठिकाणी ९० टक्क्यांनी कमी होतात. अर्धा मेगाबाइट! एका व्हॉट्सअ‍ॅप फोटोइतकी जागा. हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा मला आप्पांच्या कीर्दीची जाडी आठवली. खतावणीच्या तुलनेत पातळ होती ती.

१९९४ मध्ये नेटअ‍ॅपनं (तेव्हा नेटवर्क अप्लायन्स) वाफल नावाची फाइल सिस्टीम जाहीर केली. ती या कल्पनेचं पहिलं ठसठशीत दुकान. विनंती आली की बॅटरीवाल्या मेमरीत टिपायची आणि 'झालं' म्हणायचं. हे 'झालं' खरं होतं. मग साधारण दर १० सेकंदांनी साचलेलं सगळं एकगठ्ठा डिस्कवर, आणि तेही जुन्यावर न खोडता, रिकाम्या जागी. शेवटी एकच मुळाचा पत्ता बदलायचा. तो बदलेपर्यंत जुनं जग शाबूत, बदलला की नवं जग पूर्ण. मधली अवस्था नाहीच.

२००२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या यूसीएलएच्या मंडळींनी 'कॉन्क्वेस्ट' केली. त्यांनी वेगळा प्रश्न विचारला: टिकाऊ मेमरी फक्त कीर्दीलाच का वापरायची? बहुतेक फाइली छोट्या असतात आणि बहुतेक जागा थोड्या मोठ्या फाइली खातात. मग छोट्या फाइली आणि सगळी नोंदवही कायमची मेमरीत ठेवा, डिस्कवर फक्त मोठ्या फाइलींचा मजकूर. डिस्कला तेच द्या जे तिला जमतं: लांबलचक, सलग. मला हा विचार फार आवडतो. दोघांना एकमेकांचं काम करायला न लावता कामं वाटून देणं. आमच्या दुकानात मात्र उलट होतं, हिशेब, बिलं, साठा सगळं त्या एकट्या बिचाऱ्या चकतीवर.

* * *

पुण्याचं पेशवे दफ्तर मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षी पाहिलं, तेही बाहेरून, कारण एक मैत्रीण तिथं मोडी शिकायला जायची. १८९१ ची दगडी इमारत आणि आत सुमारे ३९ हजार रुमाल. रुमाल म्हणजे कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा. ती सांगायची तेव्हा माझं अर्धं लक्ष असायचं, पण एक गोष्ट डोक्यात राहिली. पेशव्यांच्या हुजूर दफ्तराचे दोन मोठे विभाग होते: चालतं दफ्तर आणि एकबेरीज दफ्तर. चालत्या दफ्तरात फडणिसांच्या हाताखाली रोजचे हुकूम, सनदा, जमाखर्च, रोजकीर्द. एकबेरीज दफ्तर कायम पुण्यात. तिथं रोजकीर्दी येत, त्यांची वर्गवारी होई, खतावण्या आणि गोषवारे तयार होत.

मी तिला म्हटलं, हे तर टायरिंग आहे. ती म्हणाली, तुम्हाला सगळीकडे तुमचंच दिसतं. खरं आहे. पण दिसतं.

१७६३ मध्ये निजाम अलीच्या फौजेनं पुणं लुटलं आणि जाळलं. त्यात दफ्तरातले कागदही गेले. दुसऱ्या गावात दुसरी प्रत नसेल तर टिकाऊ कशाला म्हणायचं, हा प्रश्न तेव्हाही होता. आमच्याकडे २००८ च्या सप्टेंबरात गोदावरीला पूर आला, पाणी बाजारात शिरलं, तेव्हा आप्पांनी सगळ्यात आधी खतावण्या माळ्यावर नेल्या. हंडे तरंगत होते.

* * *

बॅटरीला वय असतं (आमच्या यूपीएसनं हे सिद्ध केलंच होतं). म्हणून बॅटरीशिवाय टिकणारी मेमरी हे पुष्कळ वर्षांचं स्वप्न होतं. २०१५ च्या जुलैत इंटेल आणि मायक्रॉननं 'थ्रीडी क्रॉसपॉइंट' जाहीर केलं. २०१९ मध्ये इंटेलनं त्याच्या पट्ट्या 'ऑप्टेन' नावानं बाजारात आणल्या, थेट रॅमच्या खाचेत बसणाऱ्या, १२८, २५६ आणि ५१२ जीबीच्या. रॅमपेक्षा काही पटींनी हळू, पण डिस्कपेक्षा हजारो पटींनी वेगवान, आणि वीज गेली तरी सगळं जागच्या जागी.

मी नोकरीला लागलो तेव्हा आमच्या लॅबमध्ये या पट्ट्या होत्या. आणि त्यांच्यावर लिहिताना एक नवंच भूत समोर आलं. डिस्कला आपण एकेक ठोकळा सोपवतो, कधी काय दिलं ते माहीत असतं. इथं प्रोसेसर थेट मेमरीत लिहितो, पण मध्ये त्याची स्वतःची कॅश असते, आणि ती ६४ बाइटांच्या ओळी आपल्या मर्जीच्या क्रमानं खाली सोडते. तुम्ही आधी रक्कम लिहिली आणि मग 'नोंद पक्की' अशी खूण केली, तरी खाली खूण आधी आणि रक्कम नंतर पोचू शकते. मध्येच वीज गेली तर? पक्की खूण असलेली कोरी ओळ. म्हणून रक्कम लिहा, ती ओळ मुद्दाम खाली ढकला, पोचेपर्यंत थांबा, मगच खूण करा. आणि खूण आठ बाइटांच्या आत बसवा, कारण तेवढंच एका फटक्यात अखंड लिहिलं जातं. ऐकायला सोपं आहे. आमच्या कोडमध्ये एका ठिकाणी हे थांबणं राहिलं होतं, आणि चार महिने कुणालाही कळलं नाही, कारण वीज नेमकी त्याच क्षणी जावी लागते.

या नव्या मेमरीवर खूप काम झालं. सॅन डिएगोच्या झू आणि स्वॉन्सन यांची 'नोव्हा' २०१६ ची. तिच्यात प्रत्येक फाइलची स्वतंत्र छोटी कीर्द. २०१७ ची 'स्ट्राटा' तर वाचताना मी हसलोच. तिच्यात प्रत्येक प्रोग्राम टिकाऊ मेमरीत आपली कीर्द लिहितो, आणि नंतर तो मजकूर पचवून सामायिक साठ्यात उतरवला जातो; तिथून थंड झालेला भाग एसएसडीवर, आणखी थंड झालेला हार्ड डिस्कवर. उतरवताना आधीच रद्द झालेल्या नोंदी गाळल्या जातात: सकाळी बनवली, दुपारी पुसली अशी फाइल खाली जातच नाही. २०१९ ची 'झिग्गुरात' येणाऱ्या मजकुराचा स्वभाव ओळखते. छोटं आणि 'आत्ताच पक्कं करा' म्हणणारं असेल तर टिकाऊ मेमरीत, मोठं आणि घाई नसलेलं असेल तर डिस्ककडे. चांगला कारकून हेच करतो: कुणाला उभ्या उभ्या पावती द्यायची आणि कुणाला 'उद्या या' म्हणायचं.

२०२२ च्या जुलैत इंटेलनं ऑप्टेन बंद केलं. धंदा जमला नाही. आमच्या लॅबमधल्या पट्ट्या आता एका खोक्यात आहेत. पण त्यांच्यासाठी लिहिलेला विचार मेला नाही; काय कुठे ठेवायचं, कुठल्या क्रमानं, आणि पडल्यावर कसं उठायचं, हे कोड आम्ही आज फ्लॅश आणि डिस्कच्या जोडीवर चालवतो. माझं रोजचं काम म्हणजे प्रोग्रामला मुद्दाम प्रत्येक पायरीवर मारायचं आणि उठल्यावर त्याला विचारायचं, ११,००० आहेत का?

* * *

मी पाथर्डी फाट्याजवळ राहतो. घरून काम असलं की संध्याकाळी गच्चीवरून त्रिरश्मी डोंगर दिसतो, ज्याला आपण पांडवलेणी म्हणतो. शाळेच्या सहलीत तिथं मी चार वेळा गेलो असेन आणि एकही अक्षर वाचलं नसेल. गेल्या पावसाळ्यात लेखांचे अनुवाद फोनमध्ये घेऊन गेलो.

दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे, वर्ष ४२ चा. त्यानं तीन हजार कार्षापणांची ठेव गोवर्धनातल्या विणकरांच्या श्रेणींकडे ठेवली: दोन हजार एकीकडे, महिना शेकडा एक दरानं, एक हजार दुसरीकडे, पाऊण दरानं. मुद्दल परत मागायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. दोन हजारांच्या व्याजातून वीस भिक्षूंना चिवरासाठी प्रत्येकी बारा. हिशेब करून बघा: महिन्याला वीस, वर्षाला २४०, भागिले वीस, बारा. बरोबर जमतो. एकोणीसशे वर्षांपूर्वीच्या आमच्या गावच्या ठेवीचा ताळा मी लेण्यात उभा राहून मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर करून पाहिला.

आणि त्याच लेखात पुढे म्हटलंय की हे सगळं निगमसभेत ऐकवलं गेलं आणि रिवाजाप्रमाणे 'फलकवार' इथं नोंदवलं गेलं. फलक म्हणजे फळी. जिथं फळ्यांवर नोंदी ठेवतात ती कचेरी, असा अर्थ अभ्यासक लावतात. म्हणजे आधी तोंडी, सभेपुढे, मग फळीवर, कचेरीत, मग दगडात. फळी पटकन लिहिता येते आणि तिला वाळवी लागते. दगड कोरायला महाग आणि सावकाश. आज फळी एकही उरलेली नाही.

तिसऱ्या लेण्याच्या ओसरीत गौतमीपुत्र सातकर्णीचे हुकूम आहेत. वर्ष १८ चा हुकूम: अपरकखडी गावातलं, आधी उषवदाताकडे असलेलं, दोनशे निवर्तनं शेत इथल्या भिक्षूंना दिलं. त्याच्याच पुढे वर्ष २४ चा: कखडी गावातलं शेत आम्ही दिलं होतं, पण ते शेत कुणी कसत नाही आणि गावात वस्ती नाही, म्हणून आता नगराच्या सीमेवरच्या राजाच्या शेतातून शंभर निवर्तनं देतो. आज्ञा तोंडी झाली, कुणी लिहून घेतली, काम कुणी पुरं केलं, सगळ्यांची नावं आहेत. प्रतिहारी लोटा ही त्यातली एक. हुकुमाची अंमलबजावणी आणि त्याची नोंदणी, दोन्हींच्या तारखा वेगळ्या दिल्या आहेत: ऋतू, पंधरवडा, दिवस.

राजा होता. पहिला हुकूम छिन्नीनं उडवून तिथं नवा कोरायला त्याला कुणी अडवलं नसतं. पहिला तसाच आहे, चूक म्हणून. दुसरा त्याच्या पुढे.

आप्पा २०१७ मध्ये गेले. दुकान पुढच्या वर्षी दिलं. वह्या बाबांनी रद्दीत घातल्या नाहीत, त्या माझ्याकडे आहेत. २०१० ची मी परवा पुन्हा काढली. मे महिन्याच्या पानावर ११,००० जमा, आप्पांच्या अक्षरात. जुलैच्या पानावर, आप्पा धुळ्याला असताना, बाबांच्या अक्षरात पुन्हा ११,००० जमा. ही नोंद कुणी खोडलेली नाही. आणि दिवाळीनंतरच्या एका तारखेला, पुन्हा बाबांच्याच अक्षरात, ११,००० नावे, काकांचं नाव, आणि पुढे 'चुकीने घेतले ते निफाडला जाऊन परत'. खा.पा.चा रकाना तिन्ही ठिकाणी कोरा आहे, कारण खतावणी तेव्हा कॉम्प्युटरवर होती.